पाण्यात उतरायला जागा द्या

पनवेलला समुद्र आहे, हे हल्ली पनवेलकरांनाही सांगावं लागतं. गाढी नदी गावाला वळसा घालून खाडीला मिळते, भरतीचं खारं पाणी कोळीवाड्यापर्यंत येतं आणि एका रस्त्याचं नाव अजूनही बंदर रोड आहे. पण रिक्षावाल्याला ‘बंदरावर घे’ म्हणून बघा, तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल. एकेकाळी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने इथे उतरायचा आणि मग बोरघाटाची वाट धरायचा. १८६३ साली घाटातून रेल्वे धावू लागली आणि आमच्या बंदराचा भाव उतरला. तेव्हापासून आम्ही पाण्याकडे पाठ करून बसलो ते बसलोच. १८५२ सालची आमची नगरपालिका २०१६ मध्ये महानगरपालिका झाली, विमानतळ दाराशी आला, अटल सेतूवरून बोलता बोलता शिवडी येते. या सगळ्यात खाडी उरली ती पुलावरून दिसण्यापुरती. तीही गाडीच्या काचा वर करून.

मी पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवायचे. खारे वारे आणि मतलई वारे हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर किनारा काढायचा; दिवसा बाण समुद्राकडून जमिनीकडे, रात्री उलट. पोरांना पैकीच्या पैकी गुण. शाळेपासून चालत जाता येईल अशा अंतरावर खाडी होती, पण तिथे वर्ग नेण्याची सोय नव्हती. नेऊन उभं तरी कुठे करणार? झाडोऱ्यात की राडारोड्यात?

माझा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनीअर होता. किनाऱ्याला लागल्यावर करमेना, म्हणून त्याने आणि त्याच्या दोन दोस्तांनी पैसे काढून एक जुनी सव्वीस फुटी शिडाची बोट घेतली. ती पनवेलला ठेवता येत नाही. ठेवायला जागा नाही आणि उलव्याकडे जाणाऱ्या पुलांखालून तिची डोलकाठी जायची नाही. त्यामुळे बोट असते मांडव्याच्या बाजूला आणि आम्ही पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न ऐकत तिच्याकडे जातो. बंदराच्या गावच्या माणसांनी बोटीत बसायला घाट्यांसारखं रस्त्याने जायचं! (घाटावरच्या वाचकांनी राग मानू नये. माझं सासर साताऱ्याचं.)

यंदा मेच्या मध्यात भोपाळहून माझी कॉलेजातली मैत्रीण, तिचे यजमान आणि चौदा वर्षांची नात असे पाहुणे आले. पाहुण्यांना समुद्र दाखवायचा म्हणजे आपल्याकडे ठरलेलं असतं: वाळूवर घोडागाडी, शहाळं, सूर्यास्ताचे फोटो आणि परत. भाऊ म्हणाला, “ताई, बोटीवरच आण सगळ्यांना. थोड्या दिवसांत शिडं उतरवायचीच आहेत.” मेचा मध्य म्हणजे मोसमाचं शेपूट. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधीच कोळी आपल्या होड्या वर ओढून ताडपत्रीने शाकारायला लागतात. गेटवेच्या लाँचही पावसाळ्यात थांबतात. वारा अजून वैऱ्यासारखा वागत नसतो, पण त्याची बोलण्याची पद्धत बदललेली असते.

सोबत थळचा एक तांडेल होता, भावाचा जुना स्नेही. निघण्याची वेळ त्याने मोबाइल न बघता काढली. पंचमी होती. तिथीला पाऊणपट करायचं की भरतीची वेळ निघते: पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे चारच्या सुमाराला रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी पोचायचं, पाणी चढलेलं असताना आत शिरायचं. हा हिशोब मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी लागू पडतो. इतकी वर्षं मी भरती-ओहोटीचा धडा शिकवला, पण हे पुस्तकात कुठे नव्हतं. वर तांडेल म्हणाला, “ताई, दुपारचा वारा आपल्याला न्यायला तयार हाय. आणायला नाय.”

सकाळी दहाला नांगर उचलला. बाराएक वाजेपर्यंत इंजिनवरच होतो. धरमतरकडून माल भरलेले बार्ज, पलीकडे न्हावा-शेव्याला निघालेलं कंटेनरचं जहाज. ते आपल्यासाठी थांबत नाही, आपणच बाजूला व्हायचं. मग वायव्येकडून खारा वारा आला, अगदी माझ्या फळ्यावरच्या बाणासारखा, आणि भावाने इंजिन बंद केलं. मैत्रिणीचे यजमान वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, “अहो, मग आता चाललीय कशावर?” वारा मागून आणि भरतीचं पाणी समोरून, त्यामुळे बोट चांगलीच नाचत होती. मैत्रिणीने इंदुरी शेवेची पिशवी उघडली होती ती गुपचूप बंद केली आणि आलेपाकाची वडी तोंडात टाकली.

आणि नात? तिने बोटीवर पाय ठेवल्याबरोबर, कोणी सांगायच्या आधी, लाइफ जॅकेट चढवून सगळे पट्टे आवळले होते. मग आजोबांचेही आवळले. इंजिन बंद झाल्यावर माझ्या भावाला म्हणाली, “मामा, थोडा वेळ मी धरू?” त्याने सुकाणू तिच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी बसला. पोरीची नजर पाण्यावर कमी आणि शिडावर जास्त. शिडाची कड फडफडली की दोरी जराशी ओढायची, बोट एका अंगावर जास्त कलली की सैल सोडायची. थळच्या बाहेर डोल जाळ्यांचे बोये पसरलेले असतात. बोये कसले, प्लास्टिकचे रिकामे कॅनच, लाटेआड लपतात. त्यातून तिने बोट काढली, आणि एकदा वारा शिडाच्या पाठीमागून शिरतोय असं दिसताच ओरडली, “आजोबा, डोकं खाली!” शिडाखालची आडवी काठी त्यांच्या टकलावरून सर्रकन पलीकडे गेली. आजोबा खाली वाकले होते म्हणून ठीक.

तांडेलाने विचारलं, “हिच्या गावात दर्या कुठला?”

“दर्या नाही हो, तलाव आहे.”

तो हसला. त्याला चेष्टाच वाटली.

चेष्टा नव्हती. राजा भोजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भोपाळच्या बडा तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे आणि मध्य प्रदेश सरकार तिथे मुलांना शिडाच्या होड्या चालवायला शिकवतं. ही नात तिथेच शिकते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत मुलींच्या डिंगी प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर तिथेच तयार झाली. ती देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. ज्या राज्याला समुद्राचा एक थेंब नाही त्या राज्याने समुद्रावरच्या खेळात पदक आणलं. आमच्या पाठ्यपुस्तकात महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा, तो मुलांनी नकाशात निळ्या पेन्सिलीने रंगवायचा.

आपला समुद्र शिकायला वाईट आहे असंही नाही. त्याच हांगझोऊत ब्राँझ मिळवणारा विष्णू सरवणन घडला तो मुंबईतल्या लष्कराच्या नौकानयन केंद्रात. एनसीसीच्या नौदल शाखेची मुलंही वल्ही मारतात, शिडं चढवतात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब तर १८४६ पासून आहे. म्हणजे गणवेश असेल किंवा क्लबचं सभासदत्व असेल तर मुंबईच्या बंदरात शीड आहे. त्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पनवेलच्या, उरणच्या, पेणच्या साध्या मुलाला ते नाही. माझं भांडण एवढंच आहे.

वाटेत खांदेरीच्या बेटावर उतरलो नाही, लाटा बऱ्या नव्हत्या. एक फेरी मारली. तटाचे काळे दगड, दीपगृह, वेताळाचं देऊळ. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हा एक. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घालायचा प्रयत्न केला. वारा पडला की ती जहाजं जागच्या जागी अडकायची आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री वल्ही मारत दाणागोटा घेऊन बेटावर पोचायच्या. ऑक्टोबरात मराठा आरमाराच्या दौलतखानाने इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गलबतच पकडून नेलं. हे मी मैत्रिणीच्या नातीला सांगत होते तेव्हा तिने विचारलं, “मग आता इथल्या लोकांकडे छोट्या होड्या नाहीत का?” आहेत, सगळ्या कोळ्यांच्या आहेत. बाकी आम्ही शिवजयंतीला आरमाराचे चित्ररथ काढतो.

रेवदंड्याच्या खाडीत पाणी टम्म भरलेलं असताना शिरलो, कोर्लईच्या डोंगराआड नांगर टाकला, आणि रबरी होडीतून एका धक्क्यावर उतरून जेवायला गेलो. कुठला धक्का ते सांगत नाही. त्या एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, किनाऱ्यावरचे बहुतेक धक्के तसेच आहेत. जाताना सगळं झकास: पाणी वरच्या पायरीला, मैत्रीण हात धरून टुणकन वर. रात्री दहाच्या सुमाराला परत आलो तेव्हा पूर्ण ओहोटी. पायऱ्या खाली उतरत गेल्या, मग हिरव्या शेवाळाच्या झाल्या, मग संपल्या. पाणी तिथून दहा-बारा हात पुढे, आणि मध्ये काळा, मऊ, गुडघाभर चिखल. मैत्रिणीच्या एका गुडघ्याची वाटी बदललेली.

शेजारी एक मच्छीमार होडी लागली होती. चिखलावर फळ्या टाकून दोन कोळणी डोक्यावर पाट्या घेऊन ये-जा करत होत्या. पाटीतून गळणारं पाणी खांद्यावर, पाय एकापुढे एक, आणि तोंडाने एकमेकींशी भांडण चालूच. आमची अवस्था बघून त्यातल्या एकीने पाटी खाली ठेवली, फळी आमच्याकडे सरकवली आणि मैत्रिणीचा हात धरला. “बाय, पाय सपाट टाक. घाबरू नको, मी रोजची हाय.” मैत्रीण पलीकडे पोचली. तिचे यजमान तेवढे एका चपलेला मुकले.

मी त्या रात्री बोटीवर आडवी पडून त्या ‘रोजची हाय’चाच विचार करत होते. आम्ही हौशी माणसं, वर्षातून एखाद-दोनदा चिखलात फसलो तर गंमत म्हणून सांगू. त्या बाया रोज डोक्यावर ओझं घेऊन त्या फळीवरून चालतात. आपल्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीत उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो. अशा ठिकाणी पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला जोडणारा बिजागरीचा पूल लागतो. त्यात अगम्य असं काही नाही. मोठ्या फेरी बोटींसाठी असे धक्के केले जातातच. पण लहान होडीसाठी म्हटलं की दगडी पायऱ्या, उद्घाटनाची फरशी, आणि फरशीवर कोणाकोणाची नावं. त्या पायऱ्यांचं डिझाइन करणारा माणूस बहुधा पंचमीला दुपारी चार वाजता पाहणीला आला असावा.

आता पाण्यावर सरकारचा पैसाच खर्च होत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो २०२० मध्ये सुरू झाली, बेलापूरहून वॉटर टॅक्सीचं उद्घाटन २०२२ मध्ये झालं, अटल सेतू २०२४ मध्ये. मी यातलं सगळं वापरते, तक्रार नाही. पण हे सगळं समुद्र लवकरात लवकर संपवण्यासाठी आहे. बसा, काचेतून बघा, उतरा. आपल्याला तिकीट काढलेला प्रवासी कळतो आणि जाळं टाकणारा कोळी कळतो. या दोघांच्या मध्ये कोणी असू शकतं, हौसेने, शिकण्यासाठी, आपल्याच गावच्या खाडीत होडी घालणारा माणूस, ही कल्पनाच आपल्या आराखड्यांत नाही. किनारा सुशोभित करायचा म्हटलं की आधी रेलिंग लागतं. पाणी बघा, शिवू नका.

यावरचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, हा श्रीमंतांचा खेळ. भावाच्या बोटीपुरतं ते खरं आहे. तिघांत मिळूनही ती त्यांना परवडत नाही. पण मुलांची होडी वेगळी. जगभर मुलं ज्या ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीवर शिकतात ती १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स नावाच्या होडीवाल्याने काढली. गावातल्या पोरांना स्वस्तात बनवता यावी आणि प्लायवूडच्या आठ फुटी तक्त्यातून निघावी, हीच अट होती. त्याच १९४७ साली फ्रान्समध्ये, जर्मनांविरुद्ध भूमिगत लढलेल्या फिलीप आणि एलेन व्हियाने या जोडप्याने ब्रिटनीच्या ग्लेनां बेटांवर तंबू ठोकून तरुणांसाठी शिडाच्या होड्यांची शाळा काढली. युद्धाने पोळलेली पोरं, हातात पैसा नाही. ती शाळा आजही चालू आहे. पनवेलला सुतारांची वानवा नाही आणि प्लायवूडची तर नाहीच नाही; अर्ध्या नवी मुंबईचं फर्निचर इथल्या आसपास होतं.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि १५ माणसं गेली. अशा घटनेनंतर पालक मुलांना पाण्याजवळ पाठवायला कचरतात, ते बरोबरच आहे. पण भोपाळच्या त्या पोरीने पाय ठेवताच जॅकेट घातलं ते नोटीस वाचून नाही. पाण्यात पडायचं कसं, उलटलेली होडी सरळ करायची कशी, हे तिने पहिल्याच आठवड्यात केलेलं. आपल्याकडे जॅकेट म्हणजे लाँचवाला ओरडला की मांडीवर घेऊन बसायची वस्तू. २६/११ नंतर किनाऱ्यावर ओळखपत्रं आणि कागद तपासले जातात, तेही हवंच. नोंदणी करा, क्रमांक द्या, किती अंतरापलीकडे जायचं नाही ते ठरवा. नियम असले की माणसं पाळतात. दरवाजाच नसला तर पाळायचं काय?

परतीचं थोडक्यात सांगते. पहाटे चारला, पुन्हा भरती साधून निघालो. मतलई वारा वैशाखात नावालाच असतो, हेही पुस्तकात नाही. उजाडेपर्यंत त्याने थोडं ढकललं आणि मग तो मेला. इंजिन. मग वायव्येचा वारा नाकासमोर, आणि शिडं लावली की नागमोडी जावं लागतं, म्हणजे अंतर दीडपट. तांडेल काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघून हसला. मैत्रिणीचे यजमान दोनदा कडेला वाकून मोकळे झाले. मांडव्याला उतरल्यावर म्हणाले, “पुन्हा बोलवा, पण ऑक्टोबरात.”

माझी मागणी एका तालुक्याच्या खिशाला झेपेल इतकी आहे. वडाळे तलाव शहराच्या मधोमध आहे. तिथे पक्ष्यांची बाजू सोडून, इंजिन नसलेल्या दहा-बारा छोट्या होड्या महापालिकेच्या शाळांसाठी ठेवा. शिकवायला कोळीवाड्यातली आणि जहाजावरून निवृत्त झालेली माणसं घ्या. पनवेलच्या सोसायट्यांमध्ये असे निवृत्त दर्यावर्दी रोज संध्याकाळी बाकांवर बसून मेंटेनन्सवरून भांडत असतात. दोन वर्षांनी तीच मुलं भरतीच्या वेळी खाडीत. त्यासाठी कोळीवाड्याशी बोलून, त्यांच्याच सोयीच्या जागी, एक काँक्रीटचा उतार आणि एक तरंगता धक्का करा. आधी हक्क त्यांचा, मग आमचा. आणि खाडीवर पुढे जे पूल होतील त्यांच्या कागदांवर सह्या करण्याआधी खालून किती उंचीची डोलकाठी जाईल, हा एक प्रश्न कोणीतरी विचारा. पूल झाल्यावर तो प्रश्न शंभर वर्षांसाठी मिटतो.

खाडीचं पाणी घाण आहे, तिथे मुलं कशी उतरवणार, असं विचारलं जाईल. घाण आहेच. तळोज्याच्या कारखान्यांनी कासाडी नदीचं काय केलं ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेलं आहे, आणि गावाचं सांडपाणी कुठे जातं ते नाक सांगतं. म्हणून तर सुरुवात तलावात म्हणतेय. पण खाडीत उतरायची तारीख आत्ताच जाहीर करा आणि पालकांना सांगा. सध्या त्या पाण्याबद्दल बोलतात ते कोळी, त्यांची जाळी रिकामी येतात म्हणून. आणि त्यांचं कोणी ऐकत नाही. पाचशे पालकांना ती तारीख कळली की नाल्यांच्या तोंडांची चौकशी प्रभाग समितीच्या प्रत्येक बैठकीत होईल. नारळी पौर्णिमेपर्यंत यातलं काहीच होणार नाही, हे मला माहीत आहे. तोपर्यंत निदान वडाळे तलावाची मोजणी करून, पक्ष्यांची बाजू कुठली आणि मुलांची कुठली, एवढी दोरी तरी बांधून घ्या.